आकडा गावात परत यायला हवा

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, मागच्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशी मी हजर होतो. आढ्याला टांगलेला वजनकाटा, त्याच्या झोळीत पाय आखडून रडणारे दीड वर्षाचे मूल, भिंतीला टेकवलेली उंची मोजायची पट्टी आणि सेविकाताईंच्या हातात मोबाइल. ताईंनी मुलाच्या डाव्या दंडाला तीन रंगांची फीत गुंडाळली, तिच्यावरचा आकडा वाचला आणि वजन-उंचीसह तो मोबाइलमध्ये भरला. मुलाच्या आईने पदराने त्याचे नाक पुसत विचारले, “काय निघालं जी ताई?” ताई सकाळपासून उभ्या होत्या आणि बाहेर पडवीत अजून बरीच मुले थांबलेली होती. “भरलं ना मोबाइलात. वरून काही आलं त सांगतो,” त्या म्हणाल्या. आईने मान हलवली आणि मूल कडेवर घेऊन ती चिखलातून निघून गेली.

ती फीत वाचायला शाळा शिकलेली असावी लागत नाही. सहा महिन्यांवरच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित धरले जाते आणि फितीवर तेथे लाल पट्टा असतो. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की नाही हे लांबून ओळखणाऱ्या बाईला लाल, पिवळा आणि हिरवा यांतला फरक समजावून सांगायला अर्धे मिनिट पुरे होते. तो आकडा तालुक्याला, जिल्ह्याला आणि मुंबई-दिल्लीला पोहोचण्याची सोय आपण मोठ्या कष्टाने उभी केली. ज्या बाईने त्या मुलाला जन्म दिला आणि संध्याकाळी जी त्याच्या ताटात काय वाढायचे ते ठरवणार होती, तिच्यापर्यंत तो पोहोचावा यासाठी मात्र काहीच उभे केले नाही. मुलांविषयी गोळा केलेली माहिती सर्वांत आधी त्या मुलाच्या घरात आणि गावात परत यायला हवी, आणि हा परतीचा प्रवास संशोधकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता मुलांचा हक्क म्हणून मान्य व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

कायद्याच्या दृष्टीने यात नवे काही नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेला आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केलेला बालहक्क करार ५४ कलमांचा आहे. आपल्या शिबिरांत आणि भित्तिपत्रकांत त्यातला जगण्याचा, शिक्षणाचा आणि संरक्षणाचा हक्क ठळक अक्षरांत येतो; पण बारावे कलम मुलाला स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देते, सतरावे कलम माहिती मिळण्याचा हक्क देते आणि बेचाळिसावे कलम कराराची तत्त्वे प्रौढांना तसेच मुलांना ठाऊक करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते, याची चर्चा फारशी होत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा आहे, आणि त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने आपली माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, लोकांना सहज मिळेल अशा रीतीने आणि स्थानिक भाषा लक्षात घेऊन जाहीर करायची आहे. म्हणजे अंगणवाडीत पोषण आहार किती दिवस आला आणि शाळेतली शिक्षकाची जागा केव्हापासून रिकामी आहे, हे कळण्यासाठी गावातल्या माणसाने दहा रुपयांचे तिकीट लावलेला अर्ज घेऊन तालुक्याच्या खेपा घालाव्यात, अशी कायद्याची अपेक्षाच नाही.

माहिती गावात परत आली तर काय घडते, याचा दाखला आपल्याला परदेशात शोधावा लागत नाही, कारण तो विदर्भाच्या पूर्व टोकाला गडचिरोलीत घडलेला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा त्या भागात मूल का दगावते याविषयी ठोकताळे पुष्कळ होते, पण मोजणी नव्हती. त्यांनी गावागावांतून जन्म आणि मृत्यू नोंदवायला सुरुवात केली आणि लहान मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा किती मोठा आहे हे समोर आले. येथवरचे काम कोणत्याही चांगल्या संशोधकाने केले असते. पुढचे पाऊल वेगळे होते. न्यूमोनिया ओळखण्याचे ज्ञान त्यांनी दवाखान्यात न ठेवता गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या आणि निरक्षर दायांच्या हाती दिले. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आणि दोन महिने ते एक वर्षाचे मूल ५० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका समजायचा, असा वैद्यकाचा नियम आहे. ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे, या प्रश्नावर दाईला अडाणी ठरवून विषय संपवता आला असता. तेथे मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे साधन तयार केले गेले आणि दाई मोजू लागली. गावपातळीवरच्या या उपचारांनी बालमृत्यू कमी होतात, हे दाखवणारा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यानंतर याच संस्थेने ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत नेमले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळप्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे सारे त्या शिकल्या. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्तीच्या घरभेटींच्या रूपाने देशभर राबवली जाऊ लागली. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या घरभेटींचे मूळ गडचिरोलीच्या त्या गावांत आहे. या इतिहासातून मला एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. ज्या बायांच्या घरांतून माहिती आली, त्यांच्याच हातांत ती ज्ञान होऊन परत गेली, आणि म्हणून मुले वाचली. तोच अभ्यास इंग्रजीत छापून थांबला असता, तर विद्वानांना उपयोगी पडला असता आणि त्या गावांतल्या पाळण्यांना त्याचा काही उपयोग झाला नसता.

त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दुसरी वाट दाखवली. तेथे अभ्यासगट आहेत. गावापुढच्या विषयाचा, मग तो जंगलाचा असो वा कायद्याचा, आधी अभ्यास करायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, पण निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा, अशी ती रीत आहे. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ही अभ्यासाची सवय होती. जंगलाच्या हक्कासाठी गाव अभ्यास करू शकते, तर आपल्या पोरांच्या हक्कासाठी का करू शकणार नाही, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे सतावतो आहे.

माझ्या मते याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आकड्याची भीती. २००१ साली राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात बालमृत्यूंची मोजणी करून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, तेव्हा प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू आणि सरकारी दप्तरात नोंदले जाणारे बालमृत्यू यांत प्रचंड तफावत असल्याचे दिसले. पुढे सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिनेही नोंदींतला हा खड्डा मान्य केला. मृत्यू नोंदला तर विचारणा होते, न नोंदला तर कोणी विचारत नाही. मग काही तास जगलेले बाळ ‘उपजत मृत्यू’, म्हणजे मृतच जन्मलेले, म्हणून कागदावर चढते. नोंद चुकवणारा प्रत्येक कर्मचारी दुष्ट असतो असे मी म्हणणार नाही. ज्या व्यवस्थेत खरा आकडा सांगणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळते आणि खोटा सांगणाऱ्याचा तक्ता हिरवा दिसतो, त्या व्यवस्थेत माणसे खोटे लिहायला शिकतात.

शाळेची हजेरीही याच दुखण्याने आजारी आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात येते, तेव्हा सहावी-सातवीच्या मुली सकाळीच ओटी बांधून आईसोबत शेतात जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि लहान हातांचाही त्या वजनाला उपयोग होतो. अशाच एका डिसेंबरात मी ज्या शाळेत गेलो, तेथील हजेरीपट जवळजवळ भरलेला होता आणि वर्ग निम्मा रिकामा होता. दुपारी शेताच्या धुऱ्यावर भेटलेल्या सातवीच्या मुलीला मी शाळेविषयी विचारले, तर ती अगदी सरळपणे म्हणाली, “माही हजेरी लागते नं जी, सर लावतेत.” सरांनी ती हजेरी मुलीवर उपकार म्हणून लावली होती, तिचे नाव पटावरून जाऊ नये म्हणून. पण त्या एका खुणेने ती मुलगी सरकारच्या लेखी शाळेत बसली आणि वेचणीच्या दोन महिन्यांत तिच्यासाठी संध्याकाळचा वर्ग हवा, की आईला मजुरी वेळेवर मिळायला हवी, हा प्रश्नच उरला नाही. खोट्या आकड्याने मुलाचे जे नुकसान होते ते असे निमूटपणे होते, आणि म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला गंभीर वाटतो. गावात सगळे उघड सांगितले तर मुलांची बदनामी होईल, त्यांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येईल, असे अनेक प्रामाणिक कार्यकर्ते म्हणतात. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने पीडित मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे आणि २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमानेही अडचणीतल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा जाहीर करायला बंदी घातली आहे. ही बंदी योग्यच आहे. खेड्यात तर ती अधिक कसोशीने पाळली पाहिजे, कारण साठ घरांच्या पोडावर ‘एक मूल तीव्र कुपोषित आहे’ एवढे म्हटले तरी नाव घेण्याची गरज उरत नाही, आणि ‘नववीतली एक मुलगी’ म्हटले की पारावर बसलेला प्रत्येकजण मनात त्या घरासमोर उभा राहतो. शहरातल्या संशोधकाला नाव गाळले की गुप्तता पाळली असे वाटते; आमच्याकडे नाव गाळून काही लपत नाही.

पण या आक्षेपाने माहिती अडवून ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. कोणती माहिती कोणाकडे जावी, एवढाच विवेक त्यातून निघतो. मुलाविषयीची माहिती त्याच्या आईबापाला एकांतात, समजेल अशा शब्दांत सांगावी आणि वयाने जाणते असेल तर मुलालाही सांगावी. गावापुढे जायचा तो हिशेब सेवेचा. आपण मूल मोजतो, त्याचे वजन, उंची, दंड आणि वाचता येणारे धडे मोजतो. पण अंगणवाडीला पोषण आहार किती दिवस उशिरा आला, वजनकाटा किती महिने बिघडलेला होता, उपकेंद्राचे दार किती दिवस बंद राहिले आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी किती दिवस नव्हते, हे मोजून त्याचा तक्ता चावडीवर लावत नाही. यातला एकही आकडा कोणत्याही मुलाला लाज आणणारा नाही. तो ज्यांना लाज आणणारा आहे त्यांच्याचकडे आज मोजणीची फीत असते, म्हणून मोजणीची दिशा नेहमी मुलाकडे वळलेली राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. या आकड्यावर आईच्या अज्ञानाचे प्रवचन देणे सोपे असते. त्याच आईच्या गावात आहार वेळेवर पोहोचला होता का, हे शेजारी लिहिलेले असेल तर प्रवचनाचा सूर बदलेल.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया आणि आमच्या पोडांवर कोलामी बोलणाऱ्या घरांत पुस्तकी मराठीतली प्रश्नावली वाचली जाते. मुलाचे वय विचारले तर आई होळीच्या किंवा पेरणीच्या हिशेबाने सांगते आणि प्रगणक अंदाजाने महिने टाकतो. वय चुकले की वाढीचा सगळा तक्ता चुकतो. ऐकणारा माणूस त्या भाषेतला असला तर ही चूक टळते, इतके हे साधे आहे.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पाहणीत प्रगणक होतो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणाविषयी ती पाहणी होती. गडचिरोली-चंद्रपूरकडची मजूर कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पोरे सोबत जातात. त्या काळात ती ना इकडच्या शाळेत असतात ना तिकडच्या. आम्ही घरोघरी दीड-दोन तास बसलो, लोकांनी चहा दिला, आपली दुखणी सांगितली, आणि निघताना आम्ही म्हणालो की अहवाल झाला की येऊन सांगू. अहवाल झाला, नागपूरला त्यावर चर्चासत्र झाले, आणि त्या गावांत आम्ही पुन्हा गेलो नाही. पुढे एकदा दुसऱ्या कामाने तिकडे गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्याने मला ओळखून विचारले, “त्या कागदाईचं काय झालं भाऊ?” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी हे मानत आलो आहे की ज्या संशोधनात परतीच्या फेरीचा खर्च आणि वेळ आधीच धरलेला नाही, ते संशोधन नैतिकदृष्ट्या अपुरे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या परवानगीसोबत सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी सहमती घ्यावी लागते. माहिती घेताना मुलाला विचारायचे हे आपण मान्य केले आहे. काय सापडले ते त्याला सांगायचे, ही अटही तितक्याच कडकपणे घातली पाहिजे, आणि विद्यापीठांच्या नीती समित्यांनी ती पाळली गेली का हे तपासले पाहिजे.

मुले स्वतः माहिती गोळा करू शकतात, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. त्यांच्यासाठी दोन मुलींची वही सांगतो. शाळा आठ किलोमीटरवर, येण्या-जाण्याला मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातली निळी बस. पण बस कधी वेळेवर येई, कधी अर्ध्या तासाने येई, कधी येतच नसे. बस चुकली की मुलगी घरी राहायची, आणि अशी चार-सहा वेळा घरी राहिली की घरात लग्नाची बोलणी सुरू व्हायची. तक्रार केली की आगारातून ‘बस नियमित आहे’ हेच उत्तर यायचे. नववीतल्या दोघी मैत्रिणींनी शंभर पानी वहीत रेघा मारून तीन रकाने केले: तारीख, बस आली ती वेळ, न आल्यास किती मुली परत गेल्या. महिनाभर एकही दिवस न चुकता त्यांनी ते भरले. वहीत कोणावर आरोप नव्हता, विनंती नव्हती, नुसत्या वेळा होत्या. सरपंचबाईंनी ती वही आगारात नेऊन टेबलावर ठेवली, तेव्हा अधिकाऱ्यांनी पाने उलटली आणि ‘नियमित आहे’ हे वाक्य त्यांना पुन्हा म्हणता आले नाही. बस सुधारली, पूर्णपणे नाही, पण सकाळची फेरी तरी वेळेवर येऊ लागली. शिक्षणहक्क कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पण तिच्या बैठकीचे रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरते आणि बैठक झाल्याची नोंद होते, असा अनुभव कोणत्याही तालुक्यात मिळेल. त्या समितीच्या प्रत्येक बैठकीत मुलांची अशी एक वही वाचली गेली, तर सहीसाठी रजिस्टर फिरवणे अवघड होईल.

म्हणून माझी मागणी मोठ्या योजनेची नाही. वर्षातल्या चार ग्रामसभांपैकी किमान दोन सभांत मुलांविषयीच्या सेवांचा हिशेब पहिला विषय म्हणून वाचला जावा, अंगणवाडी, शाळा आणि उपकेंद्र यांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून आणावा, आणि खरा आकडा आणणाऱ्या सेविकेला वा शिक्षकाला नोटीस मिळणार नाही, अशी लेखी हमी जिल्हा परिषदेने द्यावी. बालसभेतून आलेल्या नोंदी त्याच बैठकीत मुलांनीच वाचाव्यात. गावात पाहणी करायला येणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून ग्रामपंचायतीने परत येण्याची तारीख लिहून घ्यावी. आणि सभेची वेळ बदलावी. २ ऑक्टोबरला सोयाबीनची सवंगणी चालू असते, २६ जानेवारीला कापूस शेतात उभा असतो, आणि सकाळी अकराच्या सभेला ज्यांच्या मुलांविषयी बोलायचे त्या बाया रानात असतात. सभा रात्री, जेवणे आटोपल्यावर, मारुतीच्या पारावर दिव्याखाली घ्यावी. त्या वेळी त्या येऊ शकतात, कडेवर मूल घेऊन.